कोंबड्यांमधील निर्जलीकरण

कोंबडीच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या व क्षारांच्या मानाने तिच्या पोटात जाणारे पाणी अपुरे पडले, म्हणजे जी अवस्था निर्माण होते तिला निर्जलीकरण असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. उन्हाचा ताण, प्रवास, लसीकरण, उपासमार, हगवण, ताप व श्वसनाचे विकार या सर्वांत ही अवस्था कमी-अधिक प्रमाणात आढळते. मूळ कारण कोणतेही असले तरी पाणी तुटलेला पक्षी त्या कारणाशी फार काळ झुंजू शकत नाही. म्हणून आजारी वा ताणाखालील कोंबडीच्या शुश्रूषेत पाण्याला पहिले स्थान दिले जाते. मात्र पाणी, गूळ अथवा क्षार यांनी पक्ष्याला तग धरता येतो, मूळ रोग बरा होत नाही, हा भेद कुक्कुटपालनात महत्त्वाचा मानला जातो.

प्रस्तुत लेखात या विषयाची माहिती सातारा व सांगली या पश्चिम महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांच्या संदर्भात दिली आहे. एकाच जिल्ह्यात अतिवृष्टीचा व अवर्षणाचा प्रदेश असल्यामुळे पाण्याचे जवळजवळ सर्व प्रश्न येथे पाहावयास मिळतात.

पाण्याचे शरीरातील कार्य

प्रौढ कोंबडीच्या वजनात पाण्याचा वाटा सुमारे ६० ते ७० टक्के असतो. नुकत्याच जन्मलेल्या पिलात तो याहूनही अधिक असतो. अंड्याच्या वजनातही सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याचा असतो. अन्नाचे पचन, रक्ताभिसरण, मूत्रपिंडांद्वारे युरिक आम्लाचे उत्सर्जन आणि शरीराच्या तापमानाचे नियमन ही सर्व कार्ये पाण्यावर अवलंबून असतात. शरीरातील चरबी बरीच घटली तरी कोंबडी जगू शकते. परंतु शरीरातील सुमारे दहावा हिस्सा पाणी कमी झाल्यास गंभीर लक्षणे दिसू लागतात आणि पाचवा हिस्सा कमी झाल्यास मृत्यू संभवतो.

साधारण हवामानात कोंबडी जेवढे खाद्य खाते त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खाणारी अंड्यावरील कोंबडी २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात हेच प्रमाण ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत जाते. परसात दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्यात त्यांच्यासाठी रोज चार-पाच लिटर पाणी लागते, तर ५,००० पक्ष्यांच्या शेडला केवळ पिण्यासाठी २,००० लिटरहून अधिक पाणी लागते. टँकरवर अवलंबून असलेल्या गावात शेडमध्ये किती पक्षी भरावयाचे हे ठरविताना हा हिशेब आधी करावा लागतो.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे नेहमीचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. बाहेरील उष्णता वाढली की ती पंख शरीरापासून दूर धरते, तुरा व गलोल यांतील रक्तप्रवाह वाढविते आणि अखेरीस चोच उघडून धापा टाकू लागते. धापेबरोबर श्वसनमार्गातील पाण्याची वाफ होते व त्यायोगे शरीर थंड होते. म्हणजेच कोंबडी थंड राहण्यासाठी पाणी खर्च करीत असते. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइडही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, रक्ताची अल्कता वाढते आणि कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटची उपलब्धता कमी होते. उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुका मात्र पर्जन्यछायेत असून तेथील सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास आहे. सांगली जिल्ह्यातही पश्चिमेकडील शिराळा तालुका पावसाचा, तर पूर्वेकडील जत, आटपाडी व कवठे महांकाळ हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यातील काही गावांपर्यंत पोहोचले असले, तरी उन्हाळ्यात अनेक वाड्यावस्त्यांना विंधनविहीर किंवा टँकर यांवरच अवलंबून राहावे लागते.

या दुष्काळी पट्ट्यात शेतीला जोडधंदा म्हणून कुक्कुटपालनाचा प्रसार झाला. खानापूर तालुक्यातील विटा व त्याच्या आसपासचा परिसर अंड्यांच्या उत्पादनासाठी ओळखला जातो. दोन्ही जिल्ह्यांत मांसल कोंबड्यांचे करारपद्धतीचे पालनही रूढ आहे. या पद्धतीत कंपनी पिले, खाद्य व औषधे पुरविते आणि शेतकरी शेड, पाणी, वीज व श्रम देतो. मोबदला तयार झालेल्या वजनावर ठरत असल्यामुळे एका दुपारच्या उष्माघाताने विक्रीला आलेली लॉट दगावल्यास शेतकऱ्याची सहा आठवड्यांची मेहनत वाया जाते. याखेरीज घरोघरी गावरान, गिरिराज, वनराज इत्यादी कोंबड्यांचे परसातील पालन चालते. ते बहुतांशी स्त्रियांच्या हाती असून अंड्यांचे पैसे घरखर्चाला उपयोगी पडतात.

कारणे

उष्णतेचा ताण

सुमारे १८ ते २४ अंश सेल्सिअस हे तापमान प्रौढ कोंबडीला सुखावह असते. ३० अंशांच्या पुढे ताण जाणवू लागतो व ३५ अंशांच्या पुढे तो तीव्र होतो. मार्च ते मे या काळात दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्व भागात पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि तापलेल्या पत्र्याखालील शेडमध्ये याहूनही अधिक उष्णता असते. मांसल जातीचे, विक्रीच्या वजनाला आलेले पक्षी सर्वांत आधी बळी पडतात, कारण त्यांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता अधिक आणि ती बाहेर टाकण्याची क्षमता कमी असते. वादळी पावसापूर्वीची कोंदट, वारा पडलेली दुपार विशेष धोक्याची ठरते. हवेत आर्द्रता अधिक असल्यास धापा टाकूनही पाण्याची वाफ पुरेशी होत नाही.

प्रवास व नवी पिले

अंड्यातून बाहेर पडताना पिलाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो. त्यावर ते दोन ते तीन दिवस तग धरू शकते. पिले खोक्यांतून दूरवर पाठविणे यामुळेच शक्य होते. तथापि या काळात त्याच्या शरीरातील पाणी सतत घटत असते. उबवणी केंद्रातून निघून गावात पोहोचलेले पिलू म्हणूनच भुकेपेक्षा तहानेने अधिक व्याकूळ असते. पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. ब्रूडरखाली ही उष्णता अधिक झाल्यास पिले कडेला सरकून चोची उघडतात. कमी झाल्यास ती एकमेकांवर गोळा होतात व पाण्याकडे जातच नाहीत. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच होतो.

लसीकरण

राणीखेत रोगाच्या लासोटा लसीसारख्या काही लसी पिण्याच्या पाण्यातून दिल्या जातात. सर्व पक्ष्यांनी लसीचे पाणी थोड्या वेळात प्यावे यासाठी त्यांना आधी एक ते दोन तास तहानलेले ठेवतात. उन्हाळ्यात हा काळ कमी ठेवून लसीकरण पहाटे वा सकाळी लवकर उरकणे हितावह असते. दुपारी पाणी तोडून केलेले लसीकरण स्वतःच तीव्र ताण ठरते.

खाद्य तुटणे

कोंबडीचे खाणे व पिणे परस्परांशी बांधलेले आहे. पाणी तुटल्यास ती खाणे सोडते आणि खाद्य तुटल्यास तिचे पाणी पिण्याचे प्रमाणही बिघडते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चालविल्या जाणाऱ्या एका कडकनाथ कुक्कुटपालन योजनेतील खाद्यपुरवठा व अंड्यांची खरेदी बंद पडली. योजनेत पैसे गुंतविलेल्या अनेक शेतकऱ्यांकडील पक्षी त्यानंतर उपासमारीने दगावले. कोंबड्यांच्या आरोग्यावर व्यवहारातील खंडाचाही तितकाच आघात होतो, हे या घटनेतून दिसून आले.

रोग

रक्ती हगवणीत आतड्याच्या अस्तराला इजा होऊन पाणी व रक्त बाहेर पडते. जिवाणुजन्य हगवणीतही पाण्याचा मोठा ऱ्हास होतो. राणीखेत, गंबोरो व श्वसनाच्या दीर्घकालीन विकारांत ताप किंवा ग्लानी यांमुळे पक्षी पाण्यापर्यंत जात नाही. देवीच्या रोगात चोचीच्या आत खपल्या आल्यास त्याला गिळणे कठीण होते.

पाणी असूनही न पिणे

अनेकदा टाकीत पाणी असते, परंतु ते कोंबडीच्या पोटात जात नाही. उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीतील व पत्र्यालगतच्या नळीतील पाणी दुपारी कोमट वा गरम होते. पाण्याचे तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की कोंबड्यांचे पिणे घटू लागते, म्हणजे गरज सर्वाधिक असते त्याच वेळी सेवन कमी होते. निपलमध्ये क्षार साचणे, भांडी फार उंच किंवा फार खाली असणे, भांड्यांची संख्या अपुरी असणे आणि सशक्त पक्ष्यांनी दुबळ्यांना हुसकावणे हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

लक्षणे

निर्जलीकरण झालेली कोंबडी सुस्त होते, पिसे फुगवून एका जागी बसते व डोळे अर्धवट मिटते. तुरा व गलोल आक्रसतात, त्यांचा रंग फिका किंवा काळसर होतो. पायांवरील कातडी कोरडी व सुरकुतलेली दिसते. पिलांच्या पायांतील शिरा ठळक होतात आणि त्यांचे वजन हाताला हलके लागते. विष्ठा घट्ट होऊन तिच्यात पांढऱ्या युरेटचे प्रमाण वाढते; हगवण असल्यास मात्र विष्ठा पातळ असते. दीर्घकाळ पाणी कमी पडलेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत व आतील अवयवांवर युरेटचा खडूसारखा पांढरा थर आढळतो. या विकारास गाउट म्हणतात.

तथापि ही लक्षणे दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. त्याहून आधी मिळणारी खूण म्हणजे पाण्याच्या दैनिक वापरातील बदल. रोगाची सुरुवात होताना पुष्कळदा खाद्याआधी पाणी घटते, तर उष्णतेचा ताण, खाऱ्या पाण्याचा वा अधिक मिठाचा परिणाम यांत ते अचानक वाढते. मोठ्या शेडमध्ये जलमापक बसवून रोज ठरलेल्या वेळी नोंद घेतात. लहान पालकाला यासाठी यंत्राची गरज नसते. सकाळ-संध्याकाळ किती बादल्या भरल्या याची भिंतीवर वा वहीत केलेली खूण पुरेशी होते. हवामान फारसे बदललेले नसताना सलग दोन दिवस पाणी कमी लागले, तर पक्षी वरकरणी निरोगी दिसत असले तरी तपासणी करणे आवश्यक ठरते.

पाण्याची गुणवत्ता

क्षारयुक्त पाणी

माण, जत व आटपाडी भागातील अनेक विंधनविहिरींचे पाणी जड असते. दुसरीकडे कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे जमिनी क्षारपड झाल्या असून तेथील काही विहिरींचे पाणीही खारट असते. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण लिटरला १,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ते कोंबड्यांना चांगले समजले जाते. १,००० ते ३,००० मिलिग्रॅमच्या दरम्यान विष्ठा पातळ होण्याची शक्यता असते. त्यापुढील पाणी, विशेषतः पिलांना, देणे टाळावे लागते.

जड पाण्यामुळे आणखी दोन अडचणी उद्भवतात. द्राक्षबागेतील ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून ज्याप्रमाणे तोट्या बंद होतात, त्याचप्रमाणे शेडमधील निपलही बंद होतात. दुसरी अडचण म्हणजे टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावतात व त्यांचा प्रभाव घटतो. औषध योग्य असूनही गुण न आल्यास पाण्याची तपासणी करून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

पुराचे पाणी

कृष्णा व वारणा या नद्यांच्या काठावरील गावांना २००५, २०१९ व २०२१ या वर्षी मोठ्या महापुरांना तोंड द्यावे लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. अशा पुरात पक्षी बुडून मरतातच. परंतु वाचलेल्या पक्ष्यांना पूर ओसरल्यानंतरही धोका असतो. विहिरींत व टाक्यांत मैला, मृत जनावरे व गाळ यांनी दूषित झालेले पाणी शिरते, शेडमधील तुसाची गादी भिजते आणि ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. आजूबाजूला सर्वत्र पाणी असताना पिण्यायोग्य पाणी मात्र नसते. या काळात गढूळ पाणी प्रथम तुरटीने निवळून घेतात व नंतर त्याचे निर्जंतुकीकरण करतात, कारण गाळ व सेंद्रिय द्रव्ये क्लोरीन शोषून घेत असल्यामुळे गढूळ पाण्यात थेट टाकलेली ब्लीचिंग पावडर बरीचशी निष्फळ ठरते.

निर्जंतुकीकरण

कोंबडीच्या चोचीशी पोहोचणाऱ्या पाण्यात लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असणे पुरेसे मानले जाते. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर वापरल्यास स्वच्छ अशा १,००० लिटर पाण्यासाठी सुमारे १० ग्रॅम पावडर लागते. ती थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ टाकीत ओततात आणि किमान अर्धा तास थांबून पाणी पक्ष्यांना सोडतात. ओलाव्यात उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी झालेली असते.

पाण्यातून लस देण्याच्या आधी किमान २४ तास क्लोरीन बंद ठेवणे अनिवार्य आहे, कारण क्लोरीनमुळे जिवंत लस नष्ट होते. उरलेला अंश निष्प्रभ करण्यासाठी लस मिसळण्यापूर्वी लिटरला सुमारे २.५ ग्रॅम या प्रमाणात सायविरहित दुधाची भुकटी पाण्यात घालतात आणि लसीचे पाणी दोन तासांच्या आत संपेल इतकेच तयार करतात.

उपाययोजना

उन्हाळ्यातील व्यवस्था

टाकी सावलीत ठेवणे, तिला ओले गोणपाट गुंडाळणे, नळ्या जमिनीत पुरणे आणि दुपारी दोन-तीन वेळा नळीतील तापलेले पाणी सोडून देऊन ताजे पाणी खेळविणे या उपायांना फारसा खर्च येत नाही. नळीतून सोडलेले पाणी झाडांना वा शेडभोवतीच्या जमिनीवर वापरता येते. परसातील कोंबड्यांसाठी मातीचे पसरट भांडे सोयीचे असते. मातीतून झिरपून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे त्यातील पाणी थंड राहते. अशी दोन-तीन भांडी सावलीत निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्यास दुबळ्या पक्ष्यालाही पाणी मिळते. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीइतकी असल्यास पाण्यात घाण पडत नाही. पिलांच्या भांड्यात मात्र पाणी उथळ ठेवतात किंवा खडे घालतात, जेणेकरून ती बुडत नाहीत.

पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात देणे, उसाचे पाचट अंथरणे व बाजूंना भिजविलेले बारदान लावणे हे उपाय दोन्ही जिल्ह्यांत रूढ आहेत. पाचट वाळके असल्याने आगीची दक्षता घ्यावी लागते. फॉगर वापरताना हवा खेळती असणे आवश्यक आहे. बंद शेडमध्ये नुसती आर्द्रता वाढल्यास लाभाऐवजी अपाय होतो. भारनियमनाचा वेळ लक्षात घेऊन उंचावरील टाकी आधीच भरून ठेवणे उपयुक्त असते.

खाल्लेल्या अन्नाच्या पचनाने काही तासांनी शरीरात उष्णता वाढते. म्हणून तीव्र उन्हाळ्यात सकाळी दहा-अकरा ते सायंकाळी चार-पाचपर्यंत मांसल पक्ष्यांचे खाद्य उचलून ठेवतात आणि ते पहाटे व रात्री देतात. पाणी मात्र कधीही उचलू नये.

गूळ व क्षारांचे द्रावण

प्रवासातून आलेल्या पिलांना पहिले काही तास ५ ते ८ टक्के साखरेचे वा गुळाचे कोमट पाणी देण्याची पद्धत आहे. कराड व सांगली हा गुळाचा प्रदेश असल्यामुळे येथे गुळाचे पाणी अधिक प्रचलित आहे. पिलू हातात धरून त्याची चोच पाण्यात अलगद बुडविली की ते पिण्यास शिकते. पाणी पिऊन झाल्यावर तास-दोन तासांनी भरड खाद्य देतात.

हगवण किंवा उष्णता यांमुळे शरीरातील सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड हे क्षारही कमी होतात. ते भरून काढण्यासाठी पशुवैद्यकीय दुकानांत मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर वेष्टनावरील प्रमाणानुसार तीन ते पाच दिवस देतात. ती न मिळाल्यास थोड्या काळापुरते १ लिटर स्वच्छ पाण्यात २० ते ३० ग्रॅम गूळ आणि २ ग्रॅमपेक्षा अधिक नाही इतके मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याचा सुमारे तिसरा हिस्सा, विरघळवून वापरता येते. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात कालवूनही हे काम भागते.

मिठाचे प्रमाण वाढविल्याने गुण लवकर येतो, ही समजूत धोकादायक आहे. कोंबडीची मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकू शकत नाहीत. मिठाची विषबाधा झाल्यास पक्ष्याला तीव्र तहान लागते, पाण्यासारखी विष्ठा होते, तोल जातो व पोटात पाणी साठते; पिले तर लवकर दगावतात. ज्या विहिरीचे पाणी मुळातच खारट आहे त्यात मीठ घालू नये. गोड द्रावण उन्हाळ्यात काही तासांत आंबते आणि नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरते. म्हणून ते उघड्या भांड्यात, चार-पाच तासांत संपेल इतकेच करून उरलेले फेकून देतात, भांडे घासतात आणि मधल्या वेळेत साधे पाणी ठेवतात. लस किंवा दुसरे औषध असलेल्या पाण्यात हे द्रावण मिसळले जात नाही.

अशक्त पक्ष्याची शुश्रूषा

उन्हाने कोसळलेल्या कोंबडीला प्रथम सावलीत व वाऱ्यावर आणून तिचे पाय, तुरा व गलोल साध्या थंड पाण्याने ओले करतात. बर्फाचे पाणी टाळतात. शुद्धीवर आल्यावर तिला थोडे थोडे पाणी पिऊ देतात. स्वतः पिऊ न शकणाऱ्या पक्ष्याच्या चोचीच्या कडेला ड्रॉपरने एकेक थेंब लावून तो गिळेपर्यंत थांबावे लागते. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्यामुळे चोच उघडून ओतलेले पाणी फुफ्फुसांत जाऊन पक्षी गुदमरतो. बेशुद्ध पक्ष्याला तोंडाने काहीही दिले जात नाही.

आजारी पक्षी निराळ्या खुराड्यात ठेवून त्याचे पाण्याचे भांडेही वेगळे ठेवतात. निरोगी पक्ष्यांचे काम आधी व आजाऱ्यांचे नंतर करणे, आणि शेवटी हातपाय धुणे, हा संसर्ग टाळण्याचा सोपा मार्ग आहे.

घरगुती उपायांच्या मर्यादा

सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ असल्यामुळे आजारी कोंबड्यांना हळदीचे पाणी देण्याची प्रथा या भागात आढळते. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पूड तळाशी बसते व निपल बंद करते. देणे झाल्यास हळद खाद्यात मिसळून देणे सोयीचे असते. लसूण, तुळस, कडुनिंब इत्यादींचेही काढे दिले जातात. उग्र वासाच्या वा कडू पाण्याकडे कोंबड्या पाठ फिरवितात व त्यांचे पिणे आणखी घटते. असा काढा दिल्यास शेजारी साध्या पाण्याचे भांडे ठेवणे आवश्यक असते. राणीखेत रोगावर यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही.

पशुवैद्यकीय साहाय्य

राणीखेत रोगाचे नाव उत्तराखंडातील राणीखेत या गावावरून पडले आहे. यात धाप, हिरवट हगवण, पंख व पाय लुळे पडणे आणि मान वाकडी होणे ही लक्षणे दिसतात. त्यावरून ग्रामीण भागात त्यास मानमोडी असेही म्हणतात. तो विषाणुजन्य असून त्यावर औषध नाही, वेळेवर केलेले लसीकरण हाच उपाय आहे. रक्ती हगवणीवर मात्र योग्य औषध वेळीच दिल्यास गुण येतो. वरकरणी सारख्या दिसणाऱ्या या दोन हगवणींत एकीत केवळ आधार द्यावयाचा असतो व दुसरीत औषध; हा निर्णय निदानाशिवाय करता येत नाही.

प्रतिजैविके अंदाजाने पाण्यात टाकणे हानिकारक आहे. विषाणूंवर ती निरुपयोगी असतात आणि त्यांचे अंश अंडी व मांस यांत उतरतात. म्हणून औषध थांबविल्यानंतर ठरावीक दिवस अंडी व पक्षी विकू नयेत असा दंडक आहे. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांतील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये प्रतिबंधित केला.

थोड्या काळात अनेक पक्षी एकाएकी मेल्यास, तुरे निळसर पडल्यास किंवा डोके सुजल्यास बर्ड फ्लूची शंका घ्यावी लागते. भारतात या रोगाचा कोंबड्यांमधील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तो पुन्हा दिसून आला. अशा वेळी घरगुती उपचार करीत बसणे, मृत पक्षी उघड्यावर किंवा ओढ्यात टाकणे, अथवा उरलेले घाईने विकणे हे माणसांच्याही जिवाला धोक्याचे आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अशा रोगाची खबर देणे पालकावर बंधनकारक आहे. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक उपलब्ध आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दवाखान्यात जाताना पक्ष्यांचे वय, लसीकरणाच्या तारखा, मृत्यूंची संख्या आणि गेल्या आठवड्यातील पाण्याच्या वापराची नोंद बरोबर नेल्यास निदानास मोठे साहाय्य होते.

हे सुद्धा पहा

कुक्कुटपालन
राणीखेत रोग
बर्ड फ्लू
कडकनाथ कोंबडी
टेंभू उपसा सिंचन योजना